नागपूरहून न्यूयॉर्क: दिल्लीवरून जावं, मुंबईवरून की दोहावरून?

दारव्हा, पुसद, मोर्शी, चिखली, आरमोरी अशा विदर्भातल्या गावांतून अमेरिकेला जाणारे आता थोडेथोडके राहिले नाहीत. कुणाचा मुलगा एम.एस.ला असतो, कुणाची लेक न्यू जर्सीत नांदते, आणि तिच्या बाळंतपणाला आईला जायचं असतं. तिकीट काढायची वेळ आली की घरात एकच चर्चा: कुठून जायचं? मोबाइलवर नागपूर ते न्यूयॉर्क अंतर शोधलं तर १२,६०० किलोमीटर आणि पंधराएक तास असं उत्तर येतं. हा आकडा खरा आहे, पण त्यावरून तिकीट काढू नका. नागपूरहून न्यूयॉर्कला थेट जाणारं विमान नाही. एअर इंडियाची बोइंग ७७७ विमानं नागपूरच्या मिहान प्रकल्पात दुरुस्तीला येतात, पण इथून प्रवासी घेऊन अमेरिकेला जात नाहीत. कुठेतरी उतरावंच लागतं, आणि कुठे उतरता यावर बाकी सगळं ठरतं.

आधी अंतराचं बघू. शाळेत पृथ्वीगोल असेल तर नागपूरवर एक बोट ठेवा, न्यूयॉर्कवर दुसरं, आणि मधे दोरा ताणा. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका पश्चिमेला दिसते, म्हणून दोरा अरबी समुद्रावरून जाईल असं वाटतं. पण तो जातो उत्तरेला: दिल्लीजवळून, मध्य आशियावरून, रशिया आणि स्कॅन्डिनेव्हिया ओलांडून थेट आर्क्टिक वृत्ताच्या आत, मग ग्रीनलंडवरून कॅनडात आणि खाली न्यूयॉर्कला. गोल पृथ्वीवर दोन गावांमधली सगळ्यांत जवळची वाट अशीच असते. मोबाइल जे १२,६०० दाखवतो ते या दोऱ्याचं माप.

आता तीन वाटा याच दोऱ्याशी ताडून बघा. नागपूर ते दिल्ली ८५५ किलोमीटर आणि दिल्ली ते न्यूयॉर्क सुमारे ११,७५० मिळून १२,६०० च होतात. म्हणजे दिल्ली जवळजवळ दोऱ्यावरच बसलेली आहे, तिथे उतरल्याने अंतर वाढत नाही. मुंबईवरून नागपूर ते मुंबई ६८० आणि पुढे १२,५३० मिळून १३,२०० च्या वर जातं. कतारच्या दोहावरून २,८४० अधिक १०,७७० म्हणजे १३,६००. कागदावर दिल्ली पहिली, मुंबई सहाशे किलोमीटर मागे आणि दोहा हजार किलोमीटर मागे.

पण मोठं विमान वर गेल्यावर ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जातं. हजार किलोमीटरचा फेरा म्हणजे तासाभराहून थोडा जास्त वेळ. तीस तासांच्या एकूण प्रवासात हा तास कुठे गेला ते कळतही नाही. उलट मधल्या विमानतळावर तीन तासांऐवजी आठ तास बसावं लागलं, किंवा दारव्ह्याहून नागपूरला पोचतानाच अर्धा दिवस गेला, तर ते अंगावर येतं. म्हणून किलोमीटर एकदा बघून बाजूला ठेवा.

दिल्लीची वाट कागदावर सरळ असली तरी विमानाला ती नेहमी मिळत नाही. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपलं आकाश बंद केलं आणि पुढे महिन्या-महिन्याने ती मुदत वाढवत नेली. दिल्लीहून पश्चिमेला निघणाऱ्या भारतीय विमानांना मग गुजरात, अरबी समुद्र, ओमान अशा बाजूने वळसा पडला. तास-दीड तास जास्त लागू लागला, आणि काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावं लागलं. मुंबई आधीच दक्षिणेला आणि समुद्रकाठी असल्यामुळे तिला हा फटका कमी बसतो. अमेरिकन कंपन्यांची अडचण वेगळी आहे, त्यांना २०२२ पासून रशियाचं आकाश बंद आहे. त्यामुळे तिकीट काढताना त्या तारखेच्या उड्डाणाला प्रत्यक्ष किती तास दाखवले आहेत आणि मधे ‘१ थांबा’ असं लिहिलंय का, हे बघा. दोन वर्षांपूर्वी शेजारी किती तासांत पोचला होता, याचा आज उपयोग नाही.

वाऱ्याचाही हिशेब आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात त्यांचा जोर आणखी वाढतो. जाताना विमान त्यांच्या तोंडी असतं, येताना ते पाठीशी असतात. म्हणून मुंबई ते न्यूयॉर्क जाताना सोळा तासांच्या आसपास लागतात आणि येताना चौदा-साडेचौदा. दोहा ते न्यूयॉर्क जाताना चौदा, येताना साडेबारा. गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसासाठी जाण्याचाच प्रवास खरा कसोटीचा असतो. तिथे एका बैठकीत सोळा तास की आधी सव्वाचार आणि मग चौदा, हा फरक लक्षात घ्या. सलग बसण्याचे दोन तास कमी होतात, मधे पाय मोकळे होतात, नीट हातपाय धुऊन घेता येतात. अर्थात काही जणांना उलट वाटतं: एकदा बसलो की उतरायची झंझट नको. आपल्या माणसाची सवय आपल्यालाच ठाऊक.

आता घराच्या उंबऱ्यापासून मोजू. उदाहरणाला दारव्हा घेते. गाडीने यवतमाळ, तिथून नागपूर, सोनेगावच्या विमानतळापर्यंत चार तास धरा. दोहाच्या विमानासाठी तीन तास आधी पोचायचं. मग सव्वाचार तास दोहापर्यंत, तिथे तीन-चार तास, पुढे चौदा तास, आणि न्यूयॉर्कला इमिग्रेशनची रांग व सामान मिळून दोन तास. बेरीज एकतीस तासांच्या आसपास जाते. दिल्लीवरून हाच हिशेब तीस ते बत्तीस येतो, वळसा किती पडतो त्यावर. नागपूरहून विमानाने मुंबई गाठली तरी एकतीसच. म्हणजे अंतरात हजार किलोमीटरचा फरक असलेल्या तिन्ही वाटा घरापासून मोजल्या की एकाच जागी येऊन उभ्या राहतात. मग निवड कशावरून करायची? सामान कितीदा हातात घ्यावं लागतं, कुठे चुकामूक होऊ शकते, आणि चुकामूक झाली तर जबाबदारी कुणाची, यावरून.

मुंबईबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्याकडे ‘इंटरनॅशनल म्हणजे मुंबई’ हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे आणि बहुतेक एजंटही तेच सुचवतात. मुंबईला जाण्याच्या अनेक तऱ्हा आहेत. पहिली रेल्वेची. धामणगाव, बडनेरा, अकोला किंवा शेगावहून संध्याकाळी-रात्री गाडीत बसलं की सकाळी मुंबई. अमेरिकेची विमानं बरीचशी मध्यरात्रीनंतर निघतात, म्हणजे तो सगळा दिवस मुंबईत काढायचा. कल्याण-डोंबिवलीला सख्खं नातेवाईक असेल तर हे वाईट नाही: आंघोळ, जेवण, दुपारची झोप, आणि रात्री कुणीतरी सहारच्या विमानतळापर्यंत सोडायला. पण घर ते घर मोजलं तर दोन दिवसांच्या वर जातं. पावसाळ्यात कसारा घाटात दरड आली की गाडी तासन्‌तास अडकते, म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये रेल्वेने जाणाऱ्याने विमानाच्या दिवशी सकाळी नव्हे, आदल्या दिवशीच मुंबई गाठावी.

दुसरी तऱ्हा समृद्धी महामार्गाची. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. मेहकर, सिंदखेडराजाकडच्या लोकांना यामुळे मुंबई नागपूरइतकीच सोयीची झाली आहे. मात्र रात्रभर गाडी चालवून थेट विमानतळावर पोचायचा बेत करू नका. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बसच्या अपघातात २५ माणसं गेली, हे आपल्या भागातलं कुणीही विसरलेलं नाही. सरळ, मोकळ्या रस्त्यावर ड्रायव्हरला डुलकी लागते. दिवसा निघा, मधे थांबा घ्या.

तिसरी तऱ्हा विमानाची. नागपूर-मुंबई विमानं दिवसभर आहेत. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरूनही १६ एप्रिल २०२५ पासून अलायन्स एअरचं मुंबईचं विमान सुरू झालं. ते एटीआर जातीचं छोटं विमान आहे आणि सुरू झालं तेव्हा रोजचं नव्हतं, त्यामुळे वार जुळला तरच कामाचं. या तिसऱ्या तऱ्हेत दोन धोके आहेत आणि दोन्ही पैशाला महाग पडतात.

पहिला धोका वेगवेगळ्या तिकिटांचा. स्वस्त मिळतं म्हणून नागपूर-मुंबई एका कंपनीचं आणि मुंबई-न्यूयॉर्क दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढलं, तर कायद्याच्या नजरेत ते दोन स्वतंत्र प्रवास. नागपूरचं विमान तीन तास उशिरा आलं आणि पुढचं सुटलं, तर मोठ्या तिकिटाची जबाबदारी कुणीच घेत नाही. एकाच पीएनआरवर सगळा प्रवास असेल तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीचं काम असतं. सामानाचंही तसंच. अमेरिकेच्या तिकिटावर साधारणपणे २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, देशांतर्गत तिकिटावर १५ किलो. वेगळं तिकीट असेल तर नागपूरच्या काउंटरवरच जादा वजनाचे पैसे भरा, मुंबईला बॅगा पट्ट्यावरून उचला आणि पुन्हा नव्याने द्या. पासष्ट वर्षांच्या बाईला हे एकटीने जमेल का, याचा विचार मुलांनी अमेरिकेत बसून करायला हवा. पाच-सात हजार वाचवण्यासाठी आईवर हा भार टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा धोका नवा आहे. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. आता ‘मुंबई’ लिहिलेलं देशांतर्गत विमान नवी मुंबईला उतरू शकतं, आणि तुमचं अमेरिकेचं विमान मात्र सहारहून सुटणार. मधे शहराची वाहतूक. तिकिटावर बीओएम (BOM, म्हणजे सहार) लिहिलंय की एनएमआय (NMI, म्हणजे नवी मुंबई), हे वाचूनच पैसे भरा. दिल्लीतही असाच प्रकार छोट्या प्रमाणात आहे: इंडिगोचं विमान टर्मिनल १ ला उतरलं तर अमेरिकेच्या विमानासाठी टर्मिनल ३ ला बसने जावं लागतं. एअर इंडियाचं एकच तिकीट असेल तर दोन्ही विमानं बहुतेकदा टर्मिनल ३ लाच असतात आणि ही धावपळ वाचते, तरी टर्मिनल तिकिटावर बघून घ्या.

दिल्लीबद्दल आणखी एकच सांगायचं. डिसेंबर-जानेवारीत तिथे धुकं पडतं. नागपूरहून सकाळी निघणारं विमान धुक्यामुळे नागपूरलाच थांबून राहतं. त्या दोन महिन्यांत दिल्लीवरून जायचंच असेल तर आदल्या दुपारच्या विमानाने जा आणि मधला वेळ मोठा ठेवा. इतर दहा महिन्यांत दिल्लीची वाट चांगली आहे, विशेषतः तरुण, इंग्रजी-हिंदी बोलणाऱ्या, एकट्याने फिरायची सवय असलेल्या माणसाला. दिल्लीहून न्यू जर्सीतल्या नेवार्कला थेट जाणारं विमान मिळालं तर आणखी उत्तम. आपली बरीच मराठी मंडळी न्यू जर्सीतल्याच एडिसनच्या आसपास राहतात, आणि एडिसनहून नेवार्क विमानतळ न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. घ्यायला येणाऱ्या जावयाचाही वेळ वाचतो.

दोहा अंतराने सगळ्यांत लांब, आणि तरीही आई-वडील पहिल्यांदा, एकटे जाणार असतील तर मी हीच वाट सुचवते. कारण सगळी अवघड कामं नागपूरलाच उरकतात, जिथे घरचं माणूस दारापर्यंत सोबत असतं आणि काउंटरवरचा कर्मचारी मराठी बोलतो. सामान नागपूरला दिलं की थेट न्यूयॉर्कला मिळतं. इमिग्रेशनचा शिक्का नागपूरच्या छोट्या विमानतळावर, छोट्या रांगेत. दोहाचं हमाद विमानतळ मोठं असलं तरी टर्मिनल एकच, बाहेर पडायचं नाही, टर्मिनल बदलायला बस नाही. पुढचं तिकीट हातात असेल आणि विमानतळाबाहेर जायचं नसेल तर तिथला व्हिसाही लागत नाही. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवली तर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत माणूस नेऊन सोडतो. व्हीलचेअर मागायला संकोच करू नका. भाषा येत नसली तरी चुकायची भीती तिने संपते.

परतीला तर दोहाचा फायदा आणखी मोठा. परदेशातून येताना भारतात ज्या विमानतळावर पहिलं पाऊल पडतं, तिथेच सामान घेऊन कस्टममधून जावं लागतं. दिल्ली किंवा मुंबईवरून आलात तर पहाटे झोपमोड झालेल्या अवस्थेत चारही बॅगा उचला, कस्टम पार करा, पुन्हा देशांतर्गत काउंटरवर द्या आणि नागपूरच्या विमानाची वाट बघा. दोहावरून आलात तर बॅगा नागपूरच्या पट्ट्यावर येतात, कस्टमही तिथेच, आणि बाहेर तुमचीच गाडी उभी.

दोहाच्या वाटेचे तोटेही आहेत. नागपूरहून आखातात जाणारी विमानं मोजकी. एखादं रद्द झालं तर दिल्ली-मुंबईसारखं दोन तासांनी दुसरं नाही. आखातातल्या तणावाचा परिणाम होतो: २३ जून २०२५ ला कतारने काही तास आपलं आकाश बंद केलं आणि जगभरातले प्रवासी अडकले. म्हणून या वाटेने जाणाऱ्याने मुलीच्या प्रसूतीच्या तारखेच्या आदल्या दिवशी पोचायचा हिशेब करू नये, हाताशी आठवडाभर ठेवावा. मधला थांबा दोन तासांपेक्षा कमी असेल तर ते तिकीट घेऊ नका, आणि आठ तासांच्या वर असेल तर वृद्धांसाठी घेऊ नका. तीन-चार तास बरोबर.

विदर्भ काही एका गावाएवढा नाही, म्हणून जिल्हाही बघा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळ आणि अमरावतीच्या लोकांनी नागपूरहूनच निघावं. वृद्ध असतील तर दोहा, तरुण असतील तर दिल्ली. बुलढाणा, अकोला आणि वाशीमच्या पश्चिम भागातल्यांना नागपूरला उलटं जाण्यापेक्षा मुंबई बरी, पण रेल्वेने, आदल्या दिवशी, आणि मुंबई-न्यूयॉर्क थेट विमानाने. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाचं गणित अगदी वेगळं. सिरोंच्याहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे, हैदराबाद त्याहून जवळ. हैदराबादहून दोहा, दुबई, अबुधाबी, लंडन, फ्रँकफर्ट अशी विमानं आहेत. तिथल्या लोकांनी नागपूरचा विचारही करू नये. पांढरकवड्याच्या लोकांना राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून हैदराबाद सरळ दिसतं, पण तिथपर्यंतचं अंतर नागपूरच्या दुपटीहून जास्त आहे. त्यांनी नागपूरच धरावं.

तारखेचा घोळ मात्र कुठल्याही वाटेवर होऊ शकतो. तिकिटावर १२ तारीख, रात्री २ वाजता असं लिहिलं असेल तर विमानतळावर ११ तारखेच्या रात्रीच पोचायचं असतं. १२ च्या संध्याकाळी बॅगा घेऊन निघालात तर विमान केव्हाच गेलेलं असतं. वेळेचा फरकही फोन करण्यापूर्वी लक्षात ठेवा: मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, बाकी काळ साडेदहा तास. म्हणून दिवाळीच्या सुमारास जाणाऱ्याला पोचायची वेळ एका तासाने चुकल्यासारखी वाटते. तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात, त्यांची थेट वजाबाकी करून प्रवासाचे तास काढू नका.

बॅगेत काय भरायचं हेही वाट ठरण्याआधीच ठरवा. पापड, कुरडया, सांडगे, मसाला चालतो, फक्त कस्टमला अन्न आहे असं खरं सांगायचं. पण शेतातला हरभरा, सोयाबीन, करडई आणि घरचा तांदूळ नेऊ नका. धान्यात होणाऱ्या खापरा किडीच्या भीतीने अमेरिकेने भारतासारख्या देशांतून प्रवाशांच्या सामानात हे आणायला बंदी घातली आहे. चार किलो तांदूळ विमानतळावरच टाकून द्यावा लागेल, आणि त्या रांगेत गेलेला तास कुठल्याच वाटेवर भरून निघत नाही.